आवडता आवाज थांबतो तेव्हा

वार्धक्यातील तक्रारींची यादी करावयाची झाली, तर रक्तदाब, मधुमेह, गुडघे, झोप आणि पोट ही नावे कोणीही सांगेल. ‘ऐकत होतो ते बंद झाले’ ही तक्रार त्या यादीत कोणी घालणार नाही. तरीही गेल्या काही वर्षांत सोलापुरातील माझ्या दवाखान्यात हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. बहुधा रुग्ण ते स्वतः उच्चारत नाही. सोबत आलेला मुलगा किंवा सून थोडेसे हसून सांगते, “डॉक्टर, त्यांचं ते गाण्यांचं ॲप बंद पडलं ना, तेव्हापासून हे असंच चाललंय. नीट जेवत नाहीत, कुणाशी बोलत नाहीत.” सांगणाऱ्याच्या मनात उपहास नसतो. एवढ्याशा गोष्टीने माणूस इतका कोमेजतो, याचे त्याला खरोखरच नवल वाटत असते.

आजचा लेख या ‘एवढ्याशा’ गोष्टीविषयी आहे. वृद्धाच्या दिवसात रोज ठरलेल्या वेळी येणारा एखादा आवाज ही केवळ करमणूक नसते. त्याच्या झोपेला, भुकेला आणि औषधाच्या वेळांना तो आवाज आधार देत असतो. तो अकस्मात थांबला, तर घरातल्यांनी त्याकडे एक खरी हानी म्हणून पाहावे आणि त्याप्रमाणे काळजी घ्यावी, एवढेच मला सांगावयाचे आहे.

एका उपग्रहाची गोष्ट

आपल्यापैकी काहींना ‘वर्ल्डस्पेस’ हे नाव आठवत असेल. उपग्रहावरून थेट घरातील संचावर येणारा तो रेडिओ होता. मूळचे इथिओपियाचे नोआ समारा यांनी १९९० मध्ये अमेरिकेत या कंपनीची स्थापना केली. आफ्रिकेत एड्सने माणसे मरत असताना त्या रोगाची माहिती लोकांपर्यंत पोहोचविण्याचे साधनच नाही, ही जाणीव त्यांच्या प्रयत्नामागे होती. म्हणजे या रेडिओच्या जन्माशी आरोग्याचा संबंध होता. २००० च्या मार्च महिन्यात आशियासाठीचा ‘एशियास्टार’ उपग्रह सोडण्यात आला आणि भारतातही ही सेवा ऐकता येऊ लागली.

त्यासाठी खास संच विकत घ्यावा लागे, वर्गणी आगाऊ भरावी लागे आणि संचाची लहानशी अँटेना खिडकीत किंवा गच्चीवर ठेवावी लागे. आपल्या सोलापुरातून पाहिले तर तिचे तोंड आग्नेयेकडच्या मोकळ्या आकाशाकडे करावे लागणार. एवढा खटाटोप लोकांनी केला, कारण त्यावर जाहिरातींच्या गदारोळाशिवाय चोवीस तास हवे ते ऐकावयास मिळे. ‘गंधर्व’ वाहिनीवर हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत असे, ‘फरिश्ता’वर जुनी हिंदी चित्रपटगीते. भारतात चार लाखांहून अधिक घरांनी ही वर्गणी भरली होती. देशाच्या लोकसंख्येच्या मानाने हा आकडा किरकोळ आहे; मात्र त्या घरांतील माणसांसाठी ती सेवा किरकोळ नव्हती.

मूळ कंपनीने ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यानंतरही भारतातील सेवा वर्षभर चालू राहिली. मग डिसेंबर २००९ च्या अखेरच्या दिवसांत ग्राहकांना कळविण्यात आले की, ३१ डिसेंबरपासून प्रक्षेपण थांबेल. इतक्या कमी अवधीची ती सूचना होती. अनेकांची वर्गणी पुढच्या काळापर्यंत भरलेली होती, पण त्यांचे पैशांचे दुःख दुय्यम होते. पहाटे भैरव आणि रात्री बागेश्री ऐकण्याची सवय लागलेल्या कानांना आता ते कोठे मिळणार, हा खरा प्रश्न होता. शहरोशहरीचे खासगी एफएम तेव्हा बहुतांशी नव्या चित्रपटगीतांनी भरलेले होते. श्रोत्यांनी वृत्तपत्रांतून आणि इंटरनेटवर हळहळ व्यक्त केली, रागही व्यक्त केला. संच मात्र मुका झाला तो झालाच.

त्यानंतर अशा घटना वाढतच गेल्या. ‘रेसो’ ही मोबाइलवरील गाण्यांची सेवा भारतात ३१ जानेवारी २०२४ रोजी थांबली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘विंक म्युझिक’ बंद होणार असल्याचे जाहीर झाले. तरुण माणूस अशा वेळी पाच मिनिटांत दुसरे ॲप उतरवून घेतो. पंच्याहत्तरीच्या माणसाला मात्र एक सेवा शिकण्यासाठी कधी सहा महिने लागलेले असतात. कोणते चित्र दाबले की भीमसेन जोशी लागतात, हे नातवाने कागदावर काढून दिलेले असते. तो कागदच एके दिवशी निरुपयोगी ठरतो.

हानी नेमकी कशाची होते?

पहिली हानी वेळेची. आपल्या शरीराचे घड्याळ मेंदूतील एका लहानशा केंद्रात असते. सकाळचा उजेड हा त्याचा मुख्य आधार. त्याखालोखाल जेवणाच्या वेळा, हालचाल आणि माणसांची ये-जा त्याला मदत करतात. नोकरी संपली, जोडीदार गेला, बाहेर पडणे कमी झाले की यातले एकेक आधार गळू लागतात. अशा वेळी ‘सातच्या बातम्या’, ‘दुपारची नाट्यगीते’, ‘रात्रीची भजने’ या खुंट्यांवर दिवस टांगलेला असतो.

सोलापूरकरांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. या गावाचा दिवस एकेकाळी गिरण्यांच्या भोंग्यांवर चालत असे. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि भोंगे थांबले. त्या काळी गिरणीत नोकरी केलेल्या कित्येक वृद्धांनी मला सांगितले आहे की, पगार थांबल्याचे दुःख तर होतेच, पण भोंगा थांबल्यावर पहाटे उठावयाचे कशासाठी, हेही कळेनासे झाले. आवाज गेला की वेळही हरवतो, हा अनुभव या शहराने एकदा सामुदायिक रीतीने घेतलेला आहे.

दुसरी हानी सोबतीची. मोतीबिंदू, काचबिंदू किंवा मधुमेहाने पडद्यावर झालेला परिणाम यांमुळे ज्यांचे वाचन सुटले आहे, त्यांच्यासाठी कान हीच खिडकी असते. पूर्व भागातील घराघरांत विड्या वळणाऱ्या आपल्या भगिनी पाहा. हात आणि डोळे कामात, कान मोकळे. कानावर पडणारा मराठी, तेलुगू किंवा कन्नड आवाज ही त्यांची वर्षानुवर्षांची सोबत असते. रोज ऐकलेल्या निवेदकाचा चेहरा कधी पाहिलेला नसतो, तरी तो घरचा वाटतो. तो आवाज न सांगता निघून गेला, तर मनाला जे वाटते ते एखादा शेजारी निरोप न घेता घर सोडून गेल्यासारखेच असते.

तिसरी हानी सहज ध्यानात येत नाही. ती आहे ऐकण्याच्या क्षमतेशी निगडित. यंत्रमागाच्या खडखडाटात ज्यांनी तीस-चाळीस वर्षे काढली, त्यांच्या कानातील सूक्ष्म संवेदक पेशी झिजलेल्या असतात. त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. अशा कानांना आधी उंच पट्टीचे ध्वनी ऐकू येईनासे होतात. स, श, थ, फ अशी व्यंजने पुसट होतात, माणूस म्हणतो, “आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत.” परिचित निवेदक आणि परिचित गाणे यांतले हरवलेले ध्वनी मेंदू आठवणीतून भरून काढतो. म्हणून अशा माणसाला जुनी सेवा ‘नीट ऐकू येते’ आणि नवी ‘काही कळत नाही’. घरच्यांना हा हट्ट वाटतो. वस्तुतः तो झिजलेल्या कानाचा नाइलाज असतो.

गोळीचा आणि गाण्याचा संबंध

दवाखान्यातील एक हकिगत सांगतो. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. सत्तरी ओलांडलेल्या एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे नियमित येत. त्यांचा रक्तदाब दीर्घकाळ १३४/८० च्या आसपास स्थिर होता. एकदा त्या आल्या तेव्हा तो १७८/१०० भरला. दुसऱ्या हातावर, पंधरा मिनिटे बसवून पुन्हा मोजला, तरी फारसा फरक नव्हता. डोकेदुखी नव्हती, छातीत दुखत नव्हते, मिठाच्या बाबतीत त्या काटेकोर होत्या. गोळ्या वेळेवर घेता का, या प्रश्नावर उत्तर आले, “घेते की.”

औषधाची मात्रा वाढविण्याआधी मी सुनेला घरातील गोळ्यांची पाकिटे आणावयास सांगितले. महिन्यापूर्वी नेलेल्या पाकिटांत निम्म्याहून अधिक गोळ्या शिल्लक होत्या. बाई खोटे बोलत नव्हत्या. गोळी राहून गेली, हे त्यांच्या ध्यानातच आले नव्हते. बोलता बोलता उलगडा झाला. रोज सकाळी त्या मोबाइलवरील एका सेवेवर अभंग ऐकत आणि तिसरा अभंग संपला की गोळी घेत. संध्याकाळच्या नाट्यसंगीताआधी मधुमेहाची गोळी. ती सेवा दीड महिन्यापूर्वी बंद झाली होती. अभंग गेले आणि त्यांच्याबरोबर गोळीही गेली.

उपाय सोपा होता. सकाळची गोळी पहिल्या चहाच्या कपाशी आणि संध्याकाळची गोळी देवापुढच्या दिव्याशी जोडली. सात खणांची गोळ्यांची डबी आणली. नातीने त्यांचे आवडते अभंग एका छोट्या संचात भरून दिले. महिनाभरात रक्तदाब पूर्वपदावर आला. औषध एका मिलिग्रॅमनेही वाढवावे लागले नाही.

म्हणून काळजीवाहकांना माझी विनंती आहे. घरातील वृद्धाचा आवडता कार्यक्रम, मालिका, वाहिनी किंवा ॲप बंद झाल्याचे कळताच त्याच आठवड्यात गोळ्यांची पाकिटे एकदा मोजून पाहा. विशेषतः रक्तदाब, मधुमेह, थायरॉईड, फिट्स आणि रक्त पातळ करणारी औषधे. इन्सुलिन घेणाऱ्यांच्या जेवणाच्या वेळा सरकल्या नाहीत ना, हेही पाहा. इन्सुलिन घेतले आणि जेवण लांबले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.

रागावणारे श्रोते एकटे नाहीत

एखादी सेवा बंद झाली म्हणून चिडणारे आजोबा घरात चेष्टेचा विषय होतात. त्यांना इतिहासाची साथ आहे, हे मुलांनी जाणून घ्यावे. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रीय नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताच्या आग्रहापोटी त्यांच्या काळात आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते गप्प बसले नाहीत. त्यांनी रेडिओची सुई रेडिओ सिलोनकडे वळविली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तेथे अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि तिला पत्रांचा पाऊस पडला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीलाच ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. आज ज्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे, ते त्या सुई फिरविणाऱ्या श्रोत्यांपैकीच आहेत.

अगदी अलीकडे, जून २०२३ मध्ये, पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय झाल्याची बातमी आली. सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या पुण्याच्या बातम्या हा महाराष्ट्रातील कित्येक घरांचा नित्यक्रम. श्रोत्यांनी, पत्रकारांनी आणि लोकप्रतिनिधींनी तीव्र नापसंती व्यक्त केली आणि त्या निर्णयाला स्थगिती मिळाली. परदेशातही असे घडते. अभिजात चित्रपट दाखविणारी ‘फिल्मस्ट्रक’ ही अमेरिकेतील सेवा नोव्हेंबर २०१८ मध्ये बंद झाली, तेव्हा रसिकांनी आणि नामवंत दिग्दर्शकांनी आवाज उठविला. पुढच्याच एप्रिलमध्ये त्यांतील बऱ्याचशा चित्रपटांसाठी ‘क्रायटेरियन चॅनेल’ ही नवी सेवा सुरू झाली.

प्रत्येक वेळी यश येते असे नाही. आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी रात्रभर चालत असे आणि तिचा शक्तिशाली प्रक्षेपक आपल्या नागपुरात होता. रात्री झोप न येणाऱ्यांची ती मोठी सोबत. खर्चकपातीसाठी २०१८ च्या अखेरीस ती बंद करण्याचा आदेश निघाला. वर्ल्डस्पेसही परत आले नाही. मात्र तेथे काम केलेल्या काही मंडळींनी बंगळूरमध्ये नव्याने रेडिओचे काम सुरू केले आणि २६ जानेवारी २०१६ रोजी आकाशवाणीने शास्त्रीय संगीताची चोवीस तासांची ‘रागम’ वाहिनी आरंभिली. ‘गंधर्व’ हरवलेल्या श्रोत्याला सहा वर्षांनी का होईना, एक दार उघडले.

वैद्य म्हणून मला या इतिहासातून एक गोष्ट घ्यावीशी वाटते. ज्या आजोबांना राग येतो, त्यांच्याकडून एक पत्र लिहवून घ्या. संपादकांना, आकाशवाणीला, त्या कंपनीला. पत्ता कोणताही असो. हात थरथरत असतील तर तुम्ही लिहा, त्यांनी सांगावे. आपल्या दुःखाला शब्द मिळाले आणि कोणीतरी ते गंभीरपणे उतरवून घेतले, यानेच मनाचा भार हलका होतो. माझी चिंता रागावणाऱ्यांविषयी कमी आहे. जे काहीच न बोलता भिंतीकडे तोंड करून निजतात, त्यांच्याविषयी ती अधिक आहे.

घरात काय करावे?

पहिली गोष्ट, “त्यात काय एवढं, दुसरं लावून देतो” हे वाक्य टाळावे. “तुम्हाला चुकल्यासारखं होतंय ना? काय काय लागायचं त्यावर?” असे विचारावे. पाच मिनिटे ऐकून घ्यावे. उत्तरातूनच कळते की, माणसाला गाणे हवे आहे, निवेदकाचा आवाज हवा आहे की ठरलेली वेळ हवी आहे. उपाय त्यानुसार वेगळा असतो.

दुसरी गोष्ट, जागा आणि वेळ बदलू नये. संच बदलला तरी तो त्याच खिडकीत, त्याच खुर्चीशेजारी असावा आणि त्याच वेळी लागावा. गाणी तीच मिळाली नाहीत तरी चालेल. सातला लागणारे सातलाच लागावे.

तिसरी गोष्ट, पर्याय शक्यतो साधा निवडावा. एक-दोन मोठी बटणे असलेला रेडिओ किंवा गाणी आधीच भरलेला संच हा अनेक वृद्धांना मोबाइलपेक्षा सोयीचा पडतो, कारण तो इंटरनेटवर अवलंबून नसतो. आकाशवाणीच्या बऱ्याच वाहिन्या तिच्या मोबाइल ॲपवर, तसेच डीडी फ्री डिश असलेल्या घरी दूरदर्शन संचावरही ऐकता येतात. आपली सोलापूर आकाशवाणी तर आहेच.

चौथी गोष्ट, कान तपासून घ्यावेत. नवे काही कळत नाही असे जो म्हणतो, त्याच्या कानात कधी नुसता मळ साचलेला असतो, तर कधी श्रवणयंत्राची गरज असते. घरी तेल टाकू नये, काडी घालू नये. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून श्रवणचाचणी करून घ्यावी. इअरफोन लावून आवाज शेवटच्या टोकापर्यंत वाढविणे हा उपाय नव्हे. त्याने उरलेली श्रवणशक्तीही धोक्यात येते.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सगळा दिवस एकाच खुंटीवर टांगू नये. एक आवाज यंत्राचा असावा, एक माणसाचा. रोज ठरलेल्या वेळी बहिणीचा फोन, सायंकाळी सिद्धेश्वर तलावाकाठी एखादी फेरी, शेजारच्या मंदिरातील भजनात किंवा ज्येष्ठ नागरिक संघात आठवड्यातून दोन दिवस बसणे. सेवा कंपनीच्या मर्जीने चालतात आणि बंद पडतात. भजनी मंडळातील एक टाळकरी आला नाही, तरी भजन थांबत नाही.

संगीताचा आरोग्याशी असलेला संबंध आता केवळ भावनेचा विषय राहिलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कला आणि आरोग्य यांविषयी तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. रोगप्रतिबंधापासून आजारातील उपचारांपर्यंत कलांचा उपयोग होतो, असा त्याचा सूर आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांमध्ये संगीतामुळे उदासीची लक्षणे काहीशी कमी होतात, असेही अभ्यासांत दिसून आले आहे. मुलाचे नाव विसरलेली आई लहानपणीची ओवी पूर्ण म्हणते, हे आपणही पाहिले असेल. अशा रुग्णाला ‘सेवा बंद झाली’ हे कितीही वेळा सांगितले तरी उमगत नाही. तेथे स्पष्टीकरण न देता, त्यांच्या तरुणपणातील पाच-दहा गाणी हाताशी ठेवून त्या वेळी ती लावणे हेच श्रेयस्कर.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

चार-आठ दिवस चुकचुकल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ, दिवसाचा बहुतेक वेळ उदासी राहणे, कशातच गोडी न वाटणे, भूक आणि वजन घटणे, पहाटे तीनलाच जाग येऊन पुन्हा डोळा न लागणे, अंगदुखी किंवा पोटाच्या तक्रारी वाढणे, ‘मी सगळ्यांना ओझे झालो’ असे बोलणे, ही औदासीन्य या आजाराची लक्षणे असू शकतात. हा आजार वयाचा भाग नव्हे आणि त्यावर उपचार आहेत. तपासणीत थायरॉईडचा अभाव, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, रक्तक्षय किंवा एखाद्या औषधाचा दुष्परिणामही निघू शकतो. म्हणून सारे खापर बंद झालेल्या कार्यक्रमावर फोडून घरी बसू नये.

एक फरक मात्र नीट ध्यानात ठेवावा. एक-दोन दिवसांत अचानक माणूस असंबद्ध बोलू लागला, दिवसा गुंगीत आणि रात्री अस्वस्थ राहू लागला, ओळखीच्या माणसांना ओळखेनासा झाला, तर ती उदासी नव्हे. मूत्रमार्गाचा किंवा फुप्फुसाचा जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम कमी होणे, साखर वर-खाली होणे अशी कारणे त्यामागे असतात. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तोंड वाकडे होणे, हातपाय लुळे पडणे किंवा बोलणे अडखळणे असेल तर एक मिनिटही दवडू नये.

जगण्याचा कंटाळा आल्याचे कोणी बोलले, तर ते हसण्यावारी नेऊ नये. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर अहोरात्र समुपदेशन मिळते. ज्येष्ठ नागरिकांच्या अन्य अडचणींसाठी १४५६७ हा राष्ट्रीय साहाय्य क्रमांक आहे. दोन्ही क्रमांक दूरध्वनीजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत.

आणखी एक सावधगिरी

सेवा बंद झाल्याची बातमी भामट्यांनाही कळते. “तुमच्या वर्गणीचे उरलेले पैसे परत करायचे आहेत, फक्त ओटीपी सांगा” असा फोन येतो. पैसे परत मिळण्यासाठी ओटीपी, पिन किंवा कार्डाचा क्रमांक सांगावा लागत नाही. कोणी सांगितलेले अनोळखी ॲप उतरवून घेऊ नये. फसवणूक झालीच, तर संकोच न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडविण्याची शक्यता अधिक. बंद झालेल्या सेवेची वर्गणी खात्यातून आपोआप कापली जात नाही ना, हेही मुलांनी एकदा तपासावे. फसविल्या गेलेल्या वृद्धाला घरच्यांचे बोल ऐकावे लागतात आणि पैशांपेक्षा तेच मनाला अधिक लागते. तेव्हा शब्द जपून वापरावेत.

वाचकहो, औषधांच्या चिठ्ठीत मी मिलिग्रॅम लिहितो, वेळा लिहितो. अलीकडे वृद्ध रुग्णांच्या कागदावर एक ओळ अधिक लिहू लागलो आहे: ‘रोज काय ऐकता?’ उत्तरादाखल कोणी सकाळच्या बातम्या सांगतो, कोणी हरिपाठ, कोणी तेलुगू चित्रपटगीते. पुढच्या भेटीत मी आधी तेच विचारतो. उत्तर ‘काही नाही’ असे बदललेले दिसले की रक्तदाब मोजण्याआधी खुर्ची थोडी पुढे ओढून बसतो. आपणही आपल्या घरातील ज्येष्ठांना या पंधरवड्यात हा प्रश्न एकदा विचारून पाहा, आणि जमले तर ते जे ऐकतात ते त्यांच्याशेजारी बसून दहा मिनिटे ऐका.